गाणे आणि गाण्याची जागा

वाचकहो, काशीयात्रेस गेलेल्या मराठी माणसाला आपण परमुलखात आलो आहोत असे सहसा वाटत नाही. दशाश्वमेधावर स्नान उरकून तो पाण्याच्या कडेने अस्सीच्या दिशेस चालू लागला, तर लवकरच त्यास अहल्याबाई होळकरांचा घाट लागतो. त्यापुढचा घाट नागपूरकरांचे कारभारी श्रीधर नारायण मुनशी यांचा. आणखी काही पायऱ्या चढून-उतरून गेले, की राजा घाट येतो. अठराव्या शतकात येथे एका मराठा सरदाराने घाट बांधला होता. पुढे १८०६-०७ च्या सुमारास अमृतराव पेशव्यांनी तो पक्क्या दगडात नव्याने बांधून काढला. हे अमृतराव म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र व दुसऱ्या बाजीरावांचे थोरले बंधू. पुण्याच्या गादीने त्यांस हुलकावणी दिली, १८०३ साली इंग्रजांशी करार झाला आणि त्यांचे उरलेले आयुष्य उत्तरेत गेले. घाटावर त्यांनी वाडा उठविला, देवालये बांधली आणि अन्नछत्र घातले. लोक या घाटास अमृतरावांचा घाट असेही म्हणत.

या घाटाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसावे आणि समोरून जाणाऱ्या नावा पाहाव्या. आज त्यांतून यात्रेकरू हिंडतात. परंतु एके काळी होळीनंतरच्या मंगळवारी या पात्रात ‘बुढवा मंगल’ नावाचा मोठा उत्सव होत असे. शृंगारलेले बजरे एकमेकांस बांधून पाण्यावर जणू दिवाणखाना उभा करीत. त्यावर बिछायती अंथरल्या जात, दिवे लागत आणि रात्र उलटून उजाडेपर्यंत गाणे चाले. काशीनरेश, सावकार, जमीनदार, भारतेंदु हरिश्चंद्रांसारखे साहित्यिक, असे सारे श्रोते नावांत असत, आणि बाकीचे शहर घाटांच्या पायऱ्यांवर दाटीने बसे. विसाव्या शतकात तो थाट ओसरला.

त्या नावांवर गाणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या, आणि ऐकणारे नावेतले प्रतिष्ठित बहुतेक सारे पुरुष. ज्या स्त्रीने गावे तिला घरंदाज म्हणावयाचे नाही, आणि जी घरंदाज तिने गावयाचे नाही, असा तो अलिखित करार होता. काशीच्या ठुमरीला, दादऱ्याला, चैतीला ज्यांनी रूप दिले त्या विद्याधरीबाई, रसूलनबाई, राजेश्वरीबाई, सिद्धेश्वरीदेवी या सर्वजणी या कराराच्या एकाच बाजूच्या होत्या. त्यांचे गाणे ऐकण्यासाठी शहर जागत असे आणि त्यांच्या जिन्यावर आपल्या मुलीचे पाऊल पडू नये म्हणून तेच शहर डोळ्यांत तेल घालून बसे.

आपल्याकडे गायकाने एखादी अवचित, सुंदर हरकत घेतली म्हणजे रसिक म्हणतात, “काय जागा घेतली!” आज ज्या गायिकेची हकीकत आपणांस सांगावयाची आहे, तिने गाण्यात अशा असंख्य जागा घेतल्या. परंतु त्याआधी तिला दुसरी एक जागा मिळवावी लागली. स्त्रीने बसून गावे तर कोठे, हा तो प्रश्न होता.

गिरिजादेवींचा जन्म ८ मे १९२९ चा, काशीचा. वडील रामदेव राय जमीनदार होते, स्वतः हार्मोनियम वाजवीत आणि गाण्याचे मोठे शौकीन होते. मुलगी पाच वर्षांची झाली तोच त्यांनी तिला पंडित सरजूप्रसाद मिश्र यांच्यापुढे बसविले. मिश्र स्वतः सारंगिये आणि गायकही. काशीच्या गाण्यात सारंगियांचे स्थान मोठे आहे. कारण ज्या गायिकांचे नाव झाले त्यांच्यामागे बसून, त्यांचा प्रत्येक स्वर गजावर धरून, ही मंडळी साऱ्या गायकीचा साठा आपल्यापाशी राखून असत. म्हणजे त्या जिन्यांवरची विद्याच जमीनदाराच्या घरी सारंगियाच्या वाटेने आली, असे म्हटले तर चुकणार नाही. वडिलांनी या मुलीला मुलासारखे वाढविले. पोहणे, घोड्यावर बसणे, लाठी फिरविणे, हे सारे तिला शिकविले. नवव्या वर्षी ‘याद रहे’ नावाच्या एका हिंदी बोलपटातही ती दिसली. सरजूप्रसादांच्या पश्चात पंडित श्रीचंद मिश्र यांच्याकडे तिची तालीम पुढे चालू राहिली.

त्या काळच्या रीतीप्रमाणे विशीच्या पुष्कळ आधी तिचे लग्न झाले. पती मधुसूदन जैन व्यापारी होते आणि सुदैवाने कलेचे चाहते होते. घरात विरोध होता तो आईचा आणि आजीचा. वाचकहो, त्या दोघींस आपण एकदम दोष देऊ नये. गाणे वाईट असे त्यांचे म्हणणे नव्हते. गाणाऱ्या स्त्रीकडे जग कोणत्या नजरेने पाहते हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. अखेरीस घरात जे ठरले ते असे, की गिरिजेने कोणाच्या खाजगी मैफिलीत, कोणा धनिकाच्या दिवाणखान्यात गावयाचे नाही. गावयाचे ते आकाशवाणीवर, अथवा ज्या सभेस कोणीही येऊ शकतो अशा संगीत-परिषदेत. १९४९ साली आकाशवाणीच्या अलाहाबाद केंद्रावरून त्यांचे गाणे प्रथम प्रक्षेपित झाले.

ही अट वरवर बंधनासारखी दिसते. माझ्या मते तिच्यातच सारी क्रांती होती. दिवाणखान्यात ऐकणारा हा यजमान असतो. ध्वनिक्षेपकापुढे तो नुसता श्रोता होतो. गाणारीला त्याच्याकडे पाहून हसावे लागत नाही, विडा पुढे करावा लागत नाही, त्याची फर्माईश संपेपर्यंत बसून राहावे लागत नाही.

अशीच ओढाताण शंभर वर्षांपूर्वी दूर स्वीडनमध्ये एका गायिकेने अनुभवली होती. जेनी लिंड तिचे नाव. स्टॉकहोममध्ये १८२० साली तिचा जन्म झाला तेव्हा तिच्या आईबापांचे लग्न झालेले नव्हते. नवव्या-दहाव्या वर्षी ती तेथील राजकीय नाट्यगृहाच्या शाळेत दाखल झाली आणि १८३८ साली ऑपेरात, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकात, नायिका म्हणून उभी राहिली. अतिश्रमाने वीस-एकवीस वर्षांच्या वयातच तिचा गळा बसला. पॅरिसचे विख्यात शिक्षक मान्वेल गार्सिया यांनी तिला आधी काही महिने संपूर्ण मौन सांगितले आणि मग पहिल्यापासून स्वर लावावयास शिकविले. पुढे बर्लिन व लंडन या शहरांनी तिला डोक्यावर घेतले. परंतु नाट्यगृहाच्या जगाविषयी तिच्या मनात कायम अढी होती. कीर्तीच्या शिखरावर असताना, १८४९ साली, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी तिने ऑपेराचा रंगमंच कायमचा सोडला आणि त्यापुढे ती केवळ जाहीर जलशांतून गायिली. अमेरिकेच्या दौऱ्यात मिळालेल्या द्रव्याचा मोठा भाग तिने दानधर्मास व स्वीडनमधील मुलांच्या शाळांस दिला. अखेरच्या वर्षांत लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ती गायनाची अध्यापिका होती. पुढे स्वीडनने तिचे चित्र आपल्या पन्नास क्रोनरच्या नोटेवर काही वर्षे छापले. नाटकातल्या बाईला चर्चच्या वेशीवर थांबविणाऱ्या समाजाने तिला एवढा मान दिला, तो तिने गाण्याची जागा बदलल्यानंतर.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. कारण काशीच्या ठुमरीशी आपला संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी बांधल्या, आणि त्यांपैकी कितीतरी चाली त्यांनी पूरब बाजाच्या ठुमरी-दादऱ्यावरून उचलल्या होत्या. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी त्या चाली डोक्यावर घेतल्या, घरोघर स्त्रिया त्या गुणगुणू लागल्या. म्हणजे काशीच्या गायिकांचे गाणे आपल्या माजघरापर्यंत पोहोचले, पण ते कोणाच्या मुखातून? बालगंधर्वांच्या! भामिनीच्या वेषात पुरुष उभा होता. बालगंधर्वांच्या थोरवीला याने तसूभरही उणेपणा येत नाही. परंतु स्त्रीचे गाणे रंगभूमीवर आले आणि स्त्री तेवढी बाहेर राहिली, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

ती उणीव हिराबाई बडोदेकरांनी भरून काढली. १९०५ साली मिरजेस त्यांचा जन्म झाला. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. १९२२ च्या सुमारास ताराबाई खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि पाचही मुलांना घेऊन त्यांनी नवा संसार मांडला. चंपाकलीची हिराबाई झाली ती तेव्हा. किराणा घराण्याची तालीम हिराबाईंना थोरले बंधू सुरेशबाबू आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून मिळाली. त्या काळी स्त्रीचे जाहीर गाणे म्हणजे काहीतरी हावभाव, अदाकारी असणारच, अशी समजूत होती. हिराबाई साध्या लुगड्यात, अंगभर पदर घेऊन, तंबोऱ्यापुढे मांडी घालून बसल्या आणि डोळे मिटून ख्याल गायिल्या. तिकीट लावून स्त्रीचा जलसा करावयाचा हे धाडसही त्यांचेच. तिकीट ही वस्तू क्षुल्लक दिसते. पण ज्याने रुपया मोजला त्याला गाणे मिळते, गाणारी नव्हे, हा त्या कागदाच्या कपट्याचा अर्थ होता. आणि तिकीट काढून प्रेक्षकांत स्त्रियाही बसू लागल्या. १९३० च्या सुमारास ताराबाईंच्या ‘नूतन संगीत विद्यालया’ने नाटके केली, तेव्हा ‘सौभद्रा’त सुभद्रेचे काम स्वतः हिराबाईंनी केले; बहिणी कमलाबाई व सरस्वतीबाई याही रंगमंचावर आल्या. स्त्रियांची कामे स्त्रियांनी करावयाची, आणि तीही एका गात्या घराण्याने, हे अनेकांना पचले नाही. मंडळी फार काळ टिकली नाही, द्रव्याचे ओझे मात्र मागे राहिले, आणि हिराबाई पुन्हा मैफिलीकडे वळल्या. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८९ साली पुण्यास त्या निवर्तल्या.

गिरिजादेवी काशीत जे करू पाहत होत्या त्याची वाट दक्षिणेत अशी आधीच मळू लागली होती. फरक इतकाच, की काशी हे परंपरेचे माहेर, आणि माहेरी कोणतीही नवी गोष्ट अधिक जड जाते.

मुलगी लहान असताना गिरिजादेवींना वाटू लागले, की संसाराच्या धबडग्यात रियाज हरवेल. तेव्हा त्यांनी मुलीस आईकडे ठेवले आणि स्वतः सारनाथला जाऊन राहिल्या. पहाटे साडेतीनला उठून स्वर लावावा, दिवसभर तेच करावे, असा क्रम त्यांनी ठेविला. ज्या आईने जाहीर गाण्याला विरोध केला, तिनेच नातीला सांभाळले, हे वाचकांतील आया-आज्यांच्या लक्षात येईलच.

मग १९५१ साली बिहारमधील आरा येथील संगीत-परिषद आली. तेथे पंडित ओंकारनाथ ठाकूर गाणार होते. त्यांची मोटार वाटेत बिघडली आणि सभा तर जमलेली. तेव्हा त्यांच्या वेळेत या बावीस वर्षांच्या अपरिचित स्त्रीला बसविण्यात आले. भर दुपारची वेळ होती. देसी रागाचा ख्याल गाऊन त्यांनी सुरुवात केली आणि ठुमरीने शेवट केला. ज्या श्रोत्यांचा कान ओंकारनाथांसाठी आसुसलेला होता त्यांना दुसऱ्या कोणाचे गाणे ऐकावयास लावणे किती अवघड, हे मैफिलीत बसणारे जाणतात. त्या दिवसापासून परिषदांची निमंत्रणे थांबली नाहीत.

येथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत आकाशवाणीने काही काळ असे धोरण धरले होते, की ज्यांच्या खाजगी जीवनाविषयी लोकापवाद आहे अशा गायिकांना ध्वनिक्षेपकापुढे बसू द्यावयाचे नाही. हेतू प्रतिष्ठा राखण्याचा असेल. परंतु ज्यांच्या कंठात ठुमरी शतकभर जिवंत राहिली त्यांच्यावर दार बंद करून, त्यांचीच ठुमरी कुलीन घरच्या गळ्यातून ऐकावयाची, यात न्याय कोठे होता? रसूलनबाईंनी १९४८ च्या सुमारास कोठ्यावरचे जीवन सोडले; त्यांचा उत्तरायुष्यातला निवारा १९६९ च्या अहमदाबादच्या दंगलीत जळाला. सिद्धेश्वरीदेवी मात्र दिल्लीच्या भारतीय कला केंद्रात सन्मानाने शिकवू लागल्या. गिरिजादेवींना समाजाने जे सहज दिले ते या ज्येष्ठ गायिकांना झगडून मिळवावे लागले, आणि काहींना मिळालेच नाही.

ज्या वाचकांनी गिरिजादेवींचे गाणे ऐकले नसेल त्यांना त्याची ओळख कशी करून द्यावी? ख्यालात राग हा राजा असतो. ठुमरीत राज्य शब्दाचे असते. खमाज, काफी, पिलू, तिलंग, भैरवी असे मऊ स्वभावाचे राग घ्यावयाचे, दीपचंदीसारखा झोकदार ताल विलंबित लयीत धरावयाचा आणि एकाच ओळीतून निरनिराळे भाव काढीत जावयाचे. “ये” म्हणून बोलावणे एकच. पण त्यात एकदा विनवणी असते, एकदा रुसवा, एकदा थट्टा, तर एकदा आता तो येणार नाही ही खूणगाठ. यास बोलबनाव म्हणतात. शेवटी तबल्याची लय दुप्पट होते, लग्गी वाजू लागते, आणि इतका वेळ दाबून धरलेला श्रोता मोकळा होतो. लखनौकडील ठुमरी नृत्याच्या अंगाने नटवी झाली; काशीची ठुमरी ठाय, भारदस्त आणि लोकगीताच्या मातीतली राहिली.

गिरिजादेवी या पूरब अंगाच्या ठुमरीआधी संपूर्ण ख्याल गात. ठुमरी गाणारी स्त्री म्हणजे हलके गाणे गाणारी, हा समज त्यांनी अशा रीतीने शब्दही न बोलता खोडून काढला. टप्प्याच्या अवघड ताना त्यांच्या गळ्यातून सहज येत. आणि ख्याल-ठुमरी झाली की त्या ऋतूकडे वळत. फाल्गुनात होरी. चैत्रात चैती, जिच्या ओळीओळीत रामाचे नाव येते, कारण हा रामजन्माचा मास. श्रावणात मिर्झापूरची कजरी आणि झुला. आपल्या जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी जशी बायकांनी बायकांसाठी रचली, तशीच ही गीते शेता-अंगणातली. ती त्यांनी मोठमोठ्या सभागृहांतून, अंगणातला ओलावा न गमावता, गायिली.

हे वैभव त्यांनी एकटीपाशी ठेविले नाही. कोलकात्यात संगीत रिसर्च अकादमी सुरू झाल्यावर तेथे गुरू म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे वास्तव्य केले, आणि १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी काशी हिंदू विश्वविद्यालयातही अध्यापन केले. शिष्य त्यांना ‘अप्पाजी’ म्हणत. गुरू-शिष्यांचा हा संसार जुन्या वळणाचा होता. शिष्येने समोर बसावे, गुरूने पानाचा डबा जवळ ओढावा, विडा लावता लावता ओळ म्हणावी आणि ती जशीच्या तशी परत येईपर्यंत पुढे सरकू नये. लहानपणच्या बाहुल्यांचा नाद त्यांना म्हातारपणापर्यंत होता, असे सांगतात ते मला मोठे गोड वाटते. घोड्यावर बसणाऱ्या, लाठी फिरविणाऱ्या मुलीने बाहुल्या मात्र सोडल्या नाहीत.

मानसन्मान क्रमाने येत गेले. १९७२ मध्ये पद्मश्री, १९७७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९८९ मध्ये पद्मभूषण, आणि २०१६ मध्ये पद्मविभूषण. ऐंशी उलटल्यावरही त्या जाहीर सभांतून गात. आवाज तेव्हा जाड झाला होता, दमसासही पूर्वीचा नव्हता. परंतु शब्द उच्चारण्याची ती ढब अशी काही मुरलेली होती, की जाणकार श्रोते म्हातारपणच्या त्या गाण्यासाठी मुद्दाम येत.

२४ ऑक्टोबर २०१७ रोजी कोलकात्यात, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. पार्थिव काशीस आणण्यात आले. ज्या शहरात आजीने नातीस दिवाणखान्यात गावयाचे नाही असे बजावले होते, ते शहर तिला निरोप देण्यासाठी रस्त्यावर आले, आणि गंगेच्या काठी राजकीय इतमामाने तिचे अंत्यसंस्कार झाले.

आपण चैत्रात काशीस गेलात, तर राजा घाटावर सकाळी लवकर जाऊन बसावे. उन्हाला अजून चटका आलेला नसतो, पाणी उतरून पायऱ्या मोकळ्या झालेल्या असतात. शहरात त्या दिवसांत कोठे ना कोठे चैतीची सभा भरते. चौकशी केली की पत्ता लागतो. तेथे गाणारी मुलगी तरुण असेल, समोर तिची आई बसलेली असेल, आणि दाराशी कोणी तुमचे नाव-गाव विचारणार नाही.